समुद्रात सोडलेल्या पिल्लांचे पुढे काय होते?

शेतात पेरलेले बियाणे किती उगवले, हे शेतकऱ्याला पंधरवड्यात डोळ्यांनी दिसते. समुद्रातील पेरणीचे तसे नाही. गेली सुमारे १४० वर्षे जगातील अनेक देश हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, जन्माला घातलेली माशांची, कोळंबीची, शेवंडींची आणि शिंपल्यांची पिल्ले किनाऱ्यालगतच्या समुद्रात सोडत आले आहेत. या पिल्लांची एकूण संख्या अब्जावधींत जाते. त्यांतील किती जगली, किती जाळ्यात आली, आणि मुख्य म्हणजे ती सोडलीच नसती तर मच्छीमारांच्या पदरात कमी मासळी पडली असती काय, हे तपासण्याची तसदी मात्र बऱ्याच उशिरा घेतली गेली. भारतात २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेने या उपक्रमाला सरकारी पाठबळ दिले आणि त्यापाठोपाठ कोट्यवधी पिल्ले आपल्या समुद्रात सोडली गेली. तेव्हा हा हिशेब आता आपल्याही घरचा झाला आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ही मत्स्यशेती नव्हे. मत्स्यशेतीत मासा तळ्यात किंवा समुद्रातील पिंजऱ्यात मोठा होतो, त्याला खाद्य घातले जाते आणि तो अखेरपर्यंत मालकाच्या ताब्यात असतो. येथे पिल्लू काही आठवडे किंवा काही महिने वाढवून खुल्या समुद्रात सोडून दिले जाते. पुढचे पोषण निसर्गाने करायचे आणि पकडण्याचे काम मच्छीमारांनी. यामागचे हेतूही वेगवेगळे असतात. कुठे जवळजवळ नष्ट झालेली जात पुन्हा वसवायची असते, कुठे असलेल्या साठ्यात भर घालायची असते, तर कुठे सोडायचे, वाढू द्यायचे आणि सगळेच काढून घ्यायचे असा सरळ व्यवहार असतो. या शेवटच्या प्रकाराला इंग्रजीत ‘सी रँचिंग’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द तिन्ही प्रकारांना सरसकट वापरला जातो आणि तिथूनच गोंधळाला सुरुवात होते.

या कल्पनेचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हेन्री हक्सले यांच्यासारखा मातब्बर शास्त्रज्ञ, मोठ्या सागरी मासेमारीचे साठे बहुधा कधीच संपणार नाहीत, असे सांगत होता. मच्छीमारांचा अनुभव निराळा होता. अमेरिकेत १८७१ साली स्पेन्सर बेअर्ड यांच्या नेतृत्वाखाली मत्स्य आयोग स्थापन झाला, तोच मुळी किनाऱ्यावरील मासळी का घटते आहे याचा शोध घेण्यासाठी. शोध घेता घेता आयोगाने उपायही सुरू केला. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर कॉड माशाची अंडी उबवून पिल्ले समुद्रात सोडली जाऊ लागली. पुढे हॅडॉक, फ्लाउंडर, शेवंड यांचीही भर पडली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे काम चालू राहिले आणि अखेर गाजावाजा न होता बंद पडले. त्याने मासळी वाढल्याचा पुरावा कोणी देऊ शकले नाही.

नॉर्वेतील कथा अधिक उद्बोधक आहे. गुंडेर मॅथिसेन डॅनेव्हिग हे जहाजाचे कप्तान होते. १८८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर, आरेंडालजवळच्या फ्लोडेव्हिगेन येथे कॉडची हॅचरी उभारली. नर-माद्या हौदात ठेवायच्या, अंडी उबवायची आणि पोटाखाली बलकाची पिशवी असलेली काही मिलिमीटर लांबीची पिल्ले फ्योर्डमध्ये सोडायची, असा क्रम होता. इतक्या लवकर सोडण्याचे कारण साधे होते. बलक संपल्यावर त्यांना काय खाऊ घालायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. योहान योर्ट यांच्यासारख्या सागरी शास्त्रज्ञांनी या उपक्रमाच्या उपयुक्ततेवर शंका घेतली आणि वाद पेटला. अखेर डॅनेव्हिग यांचे पुत्र आल्फ यांनी १९१९ पासून दर शरद ऋतूत ठरावीक ठिकाणी किनाऱ्यावर ओढजाळे टाकून कॉडची त्या वर्षीची पिल्ले मोजायला सुरुवात केली. ज्या वर्षी जास्त सोडली, त्या वर्षी जास्त सापडतात काय, हे पाहायचे होते. पिल्ले सोडणे १९७१ साली थांबवले गेले, कारण फायद्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. मोजणी मात्र चालूच राहिली आणि जगातील सर्वांत दीर्घ सागरी नोंदींपैकी एक म्हणून तिचा आजही अभ्यास होतो. हॅचरीने कॉड वाढवला की नाही हे सांगता येत नसले, तरी विज्ञानाला तिने मोठीच देणगी दिली.

एवढ्या मेहनतीनंतर फरक का पडला नसावा? थोडे गणित करून पाहू. कॉडची एक मोठी मादी एका हंगामात २५ लाखांच्या आसपास अंडी घालते. एखाद्या वर्षी हॅचरीने २५ कोटी पिल्ले सोडली, असे धरले तरी ते शंभर माद्यांचे काम झाले. समुद्रात अशा माद्या किती असतात याचा विचार केला, की या आकड्याचा दबदबा ओसरतो. शिवाय बलकावर जगणाऱ्या पिल्लांपैकी जवळजवळ सगळीच पहिल्या काही आठवड्यांत उपासमारीने किंवा दुसऱ्या माशांच्या तोंडी जाऊन मरतात. योर्ट यांनी १९१४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की मासळीचे चढउतार हे एखाद्या वर्षीची पिढी जगली की मेली यावर ठरतात. हेरिंग माशाची १९०४ साली जन्मलेली एकच पिढी पुढे कितीतरी वर्षे नॉर्वेच्या मच्छीमारांना पुरली होती. म्हणजे तुटवडा अंड्यांचा नव्हताच. अंड्यांपासून पुढे जगण्याच्या संधीचा होता. हॅचरीवाले नेमकी तीच गोष्ट समुद्रात ओतत होते, जी समुद्रापाशी भरपूर होती.

यातून एकच मार्ग उरतो. पिल्लू मरणाच्या या पहिल्या टप्प्यातून हॅचरीतच पार करून, थोडे मोठे करून सोडायचे. ते शक्य केले जपानने. मोतोसाकू फुजिनागा यांनी १९३० च्या दशकात कुरुमा कोळंबीला बंदिस्त जागेत अंडी घालायला लावले आणि तिच्या पिल्लांना प्रत्येक अवस्थेत कोणते खाद्य द्यायचे, हे चिकाटीने शोधून काढले. आज जगभर चालणाऱ्या कोळंबी संवर्धनाचा पाया तोच. महायुद्धानंतर जपानने औद्योगिक वाढीच्या धडाक्यात सेतो अंतर्गत समुद्राचे किनारे भराव घालून बुजवले, समुद्रगवताची कुरणे नष्ट झाली, पाणी दूषित झाले. मासळी घटल्यावर १९६३ साली तेथे पिल्ले सोडण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याला त्यांनी नाव दिले ‘साइबाइ ग्योग्यो’, म्हणजे लागवडीची मासेमारी. कालांतराने जवळजवळ ८० जातींची पिल्ले सोडली जाऊ लागली. समुद्रात पेरणी करण्याचा एवढा मोठा आणि एवढा दीर्घ प्रयोग दुसऱ्या कोणत्याही देशाने केलेला नाही.

आता प्रश्न ओळखीचा. बाजारात आलेला मासा हॅचरीतला की समुद्रातला, हे सांगायचे कसे? सामन माशाच्या बाबतीत हॅचरीतील पाण्याचे तापमान ठरावीक क्रमाने कमीजास्त केले, की पिल्लाच्या कानातील खड्यावर त्याच क्रमाने वलये उमटतात. मासा चार वर्षांनी परत आल्यावर तो खडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की त्याचे जन्मगाव कळते. (हॉटेलांच्या मेनूकार्डावर रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणतात, त्याचा या माशाशी काही संबंध नाही.) जपानच्या लाडक्या ‘मादाइ’ या लाल माशाच्या बाबतीत तर निसर्गानेच, किंवा खरे तर हॅचरीच्या दोषाने, खूण पुरवली. या माशाच्या मुखाच्या प्रत्येक बाजूला दोन नाकपुड्या असतात. हॅचरीत वाढलेल्या पुष्कळ माशांमध्ये त्या दोहोंमधला पडदाच तयार होत नाही आणि दोन्ही मिळून एकच भोक दिसते. चपट्या ‘हिरामे’ माशाची खालची बाजू पांढरी स्वच्छ असायला हवी, पण हॅचरीतल्या माशांच्या त्या बाजूवर काळे डाग उमटतात. त्यामुळे पाहणी करणारे लोक भल्या पहाटे लिलावाच्या जागी जाऊन माशांच्या नाकपुड्या तपासत आणि चपटे मासे उलटे करून पाहत. मोजमाप असे बाजाराच्या ओट्यावर झाले.

या मोजमापातून काय निघाले, ते टोकियोच्या सागरी विज्ञान विद्यापीठातील शुइची किटादा यांनी २०१८ आणि २०२० साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यांत सविस्तर मांडले आहे. काही ठिकाणी हॅचरीतले मासे जाळ्यात चांगल्या संख्येने येतात, यात शंका नाही. परंतु साठा दीर्घकाळ वाढला, असे फार थोड्या ठिकाणी दिसते आणि बीज तयार करण्याचा खर्च धरला तर बहुतेक उपक्रम तोट्यात जातात. कागोशिमा उपसागरात १९७४ पासून मादाइची पिल्ले सोडली गेली. एके काळी तिथल्या मासळीत हॅचरीच्या माशांचा वाटा मोठा होता. पुढे तो कमी होत गेला आणि नैसर्गिक मासे वाढले. किटादा यांच्या मते या वाढीचा मेळ किनाऱ्यावरील समुद्रशैवालाची राने सावरण्याशी आणि मासेमारीचा ताण कमी होण्याशी बसतो. कुरुमा कोळंबीची कहाणी आणखी खिन्न करणारी आहे. १९८० च्या दशकात दरवर्षी कोट्यवधी पिल्ले सोडली जात होती आणि उत्पन्नही शिखरावर होते. त्यानंतर उत्पन्न घसरत गेले आणि आता त्याचा फारच थोडा हिस्सा उरला आहे. कोळंबीची पिल्ले ज्या उथळ, वाळू-चिखलाच्या पट्ट्यात वाढतात, तो पट्टाच भरावाखाली गेला होता. घर पाडून टाकलेल्या जागी पाहुणे पाठवण्याचा हा प्रकार होता. विशेष म्हणजे प्रदूषणावर कडक नियंत्रण आल्यावर सेतो समुद्रातील पोषकद्रव्ये इतकी घटली, की २०२१ साली कायद्यात बदल करून ती नियंत्रित प्रमाणात पुरवण्याची मुभा द्यावी लागली. समुद्र फार स्वच्छ झाला, अशी तक्रार मच्छीमारांनी करावी, हे मुंबईकरांना कदाचित खरे वाटणार नाही.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ म्हणायचा काय? तसेही नाही. याच जपानात एक असे गाव आहे, ज्याचे नशीब समुद्रातील पेरणीने अक्षरशः पालटले. होक्काइडो बेटाच्या उत्तर टोकाला, ओखोत्स्क समुद्राच्या काठी सारुफुत्सु नावाचे खेडे आहे. थंडी कडाक्याची, शेती जेमतेम. गावाची मदार स्कॅलप या पंख्याच्या आकाराच्या मोठ्या शिंपल्यांवर होती. अनिर्बंध उपशाने ते १९६० च्या दशकात जवळजवळ संपले. आसपासच्या परिसरात सारुफुत्सु म्हणजे दारिद्र्य, असे समीकरण झाले. तेथील मच्छीमार सहकारी संस्थेने आणि ग्रामप्रशासनाने १९७१ पासून पदरमोड करून मोठ्या प्रमाणावर स्कॅलपची पिल्ले तळावर पेरायला सुरुवात केली. कर्ज काढून, तीन-चार वर्षे पीक हाती येणार नाही हे माहीत असून, हा जुगार खेळला गेला. आज सरासरी उत्पन्नाच्या बाबतीत जपानमधील सर्वांत सधन गावांच्या यादीत सारुफुत्सुचे नाव असते. ओखोत्स्कच्या या साऱ्या किनारपट्टीने तीच पद्धत उचलली आणि होक्काइडोचे स्कॅलप उत्पादन वर्षाला काही लाख टनांवर पोहोचले.

पद्धत पाहण्यासारखी आहे. समुद्रतळाचे साधारण चार भाग पाडतात. दरवर्षी एकाच भागातून शिंपले काढायचे. काढून झाले की तिथले तारामासे गोळा करून तळ साफ करायचा, कारण तारामासा हा स्कॅलपचा हाडवैरी. मग तिथे वर्षभराची पिल्ले सोडायची आणि पुढची तीन वर्षे त्या भागाकडे फिरकायचे नाही. पाळी पुन्हा येईपर्यंत शिंपले बाजारयोग्य झालेले असतात. म्हणजे कोणत्याही वर्षी तीन-चतुर्थांश समुद्रतळ विश्रांती घेत असतो. आपल्याकडे शेतजमीन आलटून पालटून पड ठेवण्याची रीत होती, तिची आठवण यावी.

आणि गंमत अशी, की या सर्वांत यशस्वी उदाहरणात हॅचरी जवळजवळ नाहीच. स्कॅलपची पिल्ले समुद्रातूनच मिळवली जातात. अंड्यांतून निघालेली सूक्ष्म पिल्ले महिना-सव्वा महिना पाण्यात तरंगतात आणि नंतर कशाला तरी चिकटू पाहतात. नेमक्या त्या वेळी दोरावर जाळीदार पिशव्या टांगून ठेवायच्या आणि पिशवीत बारीक जाळीचे तुकडे कोंबायचे. पिल्ले आतल्या जाळीला चिकटतात आणि वाढून सुटी झाली तरी बाहेरची पिशवी त्यांना खाली पडू देत नाही. आओमोरीजवळच्या मुत्सु उपसागरातील मच्छीमारांनी १९६० च्या दशकात कांदे भरण्याच्या पिशव्या वापरून हा शोध लावला. बीज जवळजवळ फुकट, त्यामुळे पेरणी स्वस्त.

यशाची बाकीची कारणेही उघड आहेत. शिंपला फार दूर पळून जात नाही. ज्याने पेरले त्यालाच तो मिळतो, कारण जपानी कायद्यानुसार किनाऱ्यालगतच्या अशा मासेमारीचे हक्क स्थानिक सहकारी संस्थेकडे असतात. खर्चही तीच करते, त्यामुळे किती पेरले आणि किती निघाले हा हिशेब तिला ठेवावाच लागतो. फिरत्या माशाच्या बाबतीत पिल्ले सरकार सोडते, मासा कोणाच्याही जाळ्यात जातो आणि हिशेब कोणाचाच नसतो. तरीही ही पद्धत म्हणजे कुठेही लावावा असा मंत्र नव्हे. न्यूझीलंडने १९८० च्या दशकात जपानकडूनच ती शिकून दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाला राबवली. काही वर्षे ती उत्तम चालली, अभ्यासकांनी तिचे कौतुकही केले. पुढे उत्पन्न कोसळले आणि २०१६ च्या सुमारास मासेमारी बंद करावी लागली. जमिनीवरून येणारा गाळ आणि ढवळलेला समुद्रतळ यांकडे तेथे बोट दाखवले जाते. पिल्ले टाकता येतात, तळ बदलता येत नाही.

जपानचा सामनही असाच नियोजनाच्या हाताबाहेर गेला. उत्तर जपानच्या नद्यांच्या मुखाशी दरवर्षी सुमारे १८० कोटी सामन पिल्ले सोडली जात. ती उत्तर प्रशांत महासागरात भटकून तीन-चार वर्षांनी परत येत. १९९० च्या दशकाच्या मध्यावर परतणाऱ्या माशांची संख्या ८ कोटींच्या वर गेली होती. सोडण्याचा आकडा फारसा बदलला नाही, पण २०१० च्या दशकाच्या अखेरीस परतणारे मासे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी झाले. किनाऱ्यालगतचा समुद्र तापत असल्याने कोवळ्या पिल्लांना थंड पाण्याकडे जाण्याचा अवधीच कमी मिळतो, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते.

पिल्ले सोडण्याने फार तर पैसे वाया जातील, नुकसान तर होणार नाही, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो तितकासा खरा नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातील हूड नदीत स्टीलहेड या समुद्रात जाऊन येणाऱ्या माशावर अराकी, कूपर आणि ब्लोइन यांनी केलेला अभ्यास २००७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बंदिस्त वाढवलेल्या प्रत्येक पिढीगणिक या माशाची निसर्गात प्रजोत्पादन करण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असे त्यांना आढळले. हौदात जगण्यास लायक ठरलेले पिल्लू समुद्रात लायक ठरेलच असे नाही, आणि त्याचा दुबळेपणा नैसर्गिक माशांशी संकर होऊन पुढच्या पिढ्यांत उतरू शकतो. दुसरा धोका रोगाचा. कोळंबीचा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू १९९३ साली बाहेरून आणलेल्या बीजाबरोबर जपानमध्ये पोहोचला आणि त्याच दशकात त्याने भारतातील कोळंबी प्रकल्पांनाही रडवले. तिसरी शक्यता क्वचितच लक्षात घेतली जाते. खाद्य आणि आसरा मर्यादित असेल, तर सोडलेला मासा नैसर्गिक माशाची जागा घेतो. बाजारात हॅचरीचे मासे भरपूर दिसतात, कार्यक्रम यशस्वी ठरतो, आणि एकूण मासळी मात्र होती तेवढीच राहते.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील लाल ड्रम माशाचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. १९८३ पासून तेथे या माशाची कोट्यवधी बोटुकली खाड्यांत सोडली गेली आणि मासा परतला, हे खरे आहे. पण त्याच्या आधीच, १९८१ साली, राज्याने या माशाच्या व्यापारी विक्रीवर बंदी घातली होती आणि त्याच दशकात जाळ्यांवरही निर्बंध आणले. मासा कशामुळे परतला, हॅचरीमुळे की जाळी उचलल्यामुळे? दोन्ही औषधे एकदम दिल्यावर गुण कशाचा, हे सांगणे कठीण.

भारतात या प्रयोगांची परंपरा दक्षिणेची आहे. मन्नारच्या आखातातील मोत्यांच्या शिंपल्यांची प्राचीन मासेमारी तुतिकोरीन येथे १९६१ साली शेवटची झाली. त्यानंतर पट्टे ओसाड पडले. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकाच्या आरंभी मोती-शिंपल्याचे बीज हॅचरीत तयार करण्यात यश मिळवले आणि काही बीज या पट्ट्यांत सोडूनही पाहिले. पट्ट्यांचे गतवैभव परतले नाही. याच संस्थेने तमिळनाडूतील मंडपम येथून हिरव्या वाघ-कोळंबीची पिल्ले पाल्कच्या उपसागरात सोडण्याचे काम अनेक वर्षे केले असून मत्स्यसंपदा योजनेमुळे त्याला मोठा वेग आला. कोट्यवधी पिल्ले सोडली गेली. सोडण्याच्या समारंभांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात, आकडेही जाहीर होतात. पण कोळंबीचे आयुष्य जेमतेम वर्ष-दोन वर्षांचे. तिचे उत्पन्न पावसाप्रमाणे आणि वाऱ्याप्रमाणे एरवीही खालीवर होते. एखाद्या वर्षी जाळ्यात जास्त कोळंबी आली, तर ती पेरणीची की पावसाची, हे खुणेशिवाय कळणार नाही. कोळंबी कात टाकते, त्यामुळे अंगावर चिकटवलेली खूण टिकत नाही, ही खरी अडचण आहे. हॅचरीतल्या माद्यांच्या डीएनएची नोंद ठेवून बाजारातील कोळंबीशी ती ताडून पाहण्याचे तंत्र आता उपलब्ध आहे. तो खर्च पिल्लांच्या खर्चातच धरला पाहिजे, तो वेगळा नंतर कधीतरी करायचा नव्हे.

केरळातील कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवराचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटेल, कारण तिथला शिंपला हा आपल्या तिसऱ्यांचाच भाऊबंद. निर्यातीच्या मागणीमुळे १९९१ च्या सुमारास तेथे वर्षाला १० हजार टन शिंपले निघू लागले आणि दोनच वर्षांत उत्पन्न निम्म्यावर आले. तेव्हा कोणी हॅचरी उभारली नाही. यांत्रिक उपसा बंद झाला, जाळीच्या आसाचा आकार ठरला, डिसेंबर ते फेब्रुवारी हा विणीचा काळ मोकळा सोडला गेला. दहाएक वर्षांत उत्पन्न पुन्हा १० हजार टनांवर गेले आणि २०१४ साली या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले. ते मिळवणारी भारतातील ही पहिली मासेमारी. त्यानंतर अमेरिका खंडातून आलेल्या ‘चारू’ नावाच्या परक्या शिणाण्याने सरोवराचा तळ व्यापला आणि तिसऱ्या पुन्हा घटल्या. या वेळी मात्र २०२४ साली विळिंजम येथील हॅचरीत तयार केलेले सुमारे ३० लाख बीज सरोवरात सोडण्यात आले. पहिल्या खेपेला संकट उपशाचे होते आणि त्यावर विश्रांती हा उपाय लागू पडला. दुसऱ्या खेपेचे संकट परक्या जातीचे आहे. तो शिणाणा हटला नाही, तर नव्या बीजाला बसायला जागा कुठे मिळणार, ही शंका रास्त आहे.

महाराष्ट्रात पेरणीची चर्चा निघाली, की पहिले नाव पापलेटचे निघते. २०२३ साली त्याला राज्य माशाचा मान मिळाला, तोही त्याची आवक रोडावल्यामुळेच. मात्र पापलेटची मोठ्या प्रमाणावर बीजनिर्मिती ही सोपी गोष्ट नाही. कुवेतमधील संशोधकांनी ती साधण्यासाठी वर्षानुवर्षे खर्ची घातली आहेत. आपल्याकडे २०११ पासून बीज तयार होऊ लागले तो ‘सिल्व्हर पॉम्पॅनो’ हा निराळाच मासा. नावातील साम्यामुळे ‘आता पापलेटची शेती’ अशा बातम्या अधूनमधून छापून येतात, त्या वाचून कोणी फसू नये. दुसरीकडे बोटभर लांबीची पापलेटची पिल्ले डोल आणि ट्रॉलच्या जाळ्यांत सापडून बाजारात वाट्यावर विकली जातात, हे आपण सारेच पाहतो. राज्य शासनाने २०२३ साली ५४ जातींसाठी पकडण्याजोगा किमान आकार ठरवून दिला. हॅचरीत लाखो रुपये ओतून जे बोटभर पिल्लू तयार करायचे, तेच पिल्लू या नियमाच्या अंमलबजावणीने फुकट वाचते. शिवाय ते समुद्राच्या शाळेत शिकलेले असते.

पेरणी करूनच पाहायची असेल, तर कोकणात तिला योग्य जागा खाड्यांत आहे. तिसऱ्या, खुबे आणि कालवे एका जागी राहतात, त्यांचे पट्टे गावागावाला माहीत असतात आणि ओहोटीला कमरेभर पाण्यात उतरून ते वेचणाऱ्या बायका पिढ्यानपिढ्या त्याच आहेत. सारुफुत्सुच्या मच्छीमारांपाशी जे होते, त्यातले बरेचसे त्यांच्यापाशी आहे. नाही तो पट्ट्यावरचा कागदोपत्री हक्क. खाडीच्या तळाची वाळू उपसायला परवाना मिळतो, परवान्याशिवायही ती रात्री उपसली जाते, आणि वाळूबरोबर शिंपल्यांचा सारा पट्टाच निघून जातो. तिसऱ्या वेचणाऱ्या बाईला मात्र हा चौथाई भाग तीन वर्षे राखून ठेवा, असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही नोंदवहीत लिहिलेला नाही. तो लिहिला जाईपर्यंत तिथे सोडलेले बीज वाळूच्या होडीतूनच बाहेर येण्याची शक्यता अधिक.